केल्ट-9बीच्या हवेतलं लोखंड साताऱ्यात बसून कसं शोधायचं

दसऱ्यानंतर आभाळ निवळलं की कासच्या वाटेवर, साडेसातच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून बरंच वर बघा. हंस तारकासमूहातला सद्र तारा धरा. त्याच्या पूर्वेला पावणेदोन अंशांवर 7.6 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप) केल्ट-9 तारा 10×50 च्या द्विनेत्रीत बारीक ठिपक्यासारखा दिसतो. त्याच्याभोवती 1.48 दिवसांत फेरी मारणारा केल्ट-9बी हा ग्रह काही दिसणार नाही. पण त्या ग्रहाच्या हवेत लोखंडाची वाफ आहे, हे घरच्या लॅपटॉपवर पडताळता येतं. ला पाल्मा बेटावरच्या गॅलिलिओ दुर्बिणीवरच्या हार्प्स-एन या उपकरणाने घेतलेल्या वर्णपटांतून, म्हणजे रंगांत पसरवलेल्या प्रकाशाच्या नोंदींतून, ते 2018 मध्ये प्रथम जाहीर झालं. हे वर्णपट दुर्बिणीच्या संग्रहातून डाउनलोड करता येतात.

दिवसाच्या बाजूला तापमान 4000 केल्विनच्या वर असल्यामुळे तिथे पाण्याचे रेणूसुद्धा तुटतात आणि धातू अणुरूपात मोकळे फिरतात. तरी खूण फार अंधुक असते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमणात, प्रकाश साधारण 0.7 टक्के घटतो. त्यात वातावरणाच्या एका ‘मापउंची’चा, म्हणजे हजारेक किलोमीटर जाडीच्या थराचा वाटा जेमतेम 0.01 टक्के. लोखंड ठरावीक रंगांचा प्रकाश शोषतं आणि वर्णपटात तिथे काळ्या रेषा पडतात; त्यातली एकेक रेषा शोधत बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. शेकडो रेषा एकत्र मोजायच्या.

त्यासाठी आधार घ्यायचा तो ग्रहाच्या वेगाचा. कला म्हणजे फेरीचा किती भाग झाला ते; मध्य-अधिक्रमणाला ती शून्य धरा, प्रत्येक निरीक्षणाच्या कलेला 360 अंशांनी गुणून साइन काढा आणि त्याला 240 ने गुणा: हा ग्रहाचा वेग, किलोमीटर प्रति सेकंदात. अधिक्रमणाच्या 3.9 तासांत तो −80 पासून +80 पर्यंत सरकतो. 10 मिनिटांच्या एका निरीक्षणातच सेकंदाला 7 किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून त्याहून लांब निरीक्षणांत रेषा फासली जाते.

आता काम. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिचं खगोलशास्त्राचं पॅकेज ॲस्ट्रोपाय पुरेसं आहे. प्रत्येक वर्णपट गुळगुळीत वक्राने भागून सपाट करा. मग अधिक्रमणाआधीच्या आणि नंतरच्या वर्णपटांची सरासरी काढून सगळे वर्णपट तिने भागा. ताऱ्याच्या रेषा बहुतांशी निघून जातात. उरलेल्या भागाशी साध्या लोखंडाचा टेम्प्लेट, म्हणजे त्याच्या रेषांचा आधी काढलेला नमुना, −300 ते +300 च्या पट्ट्यात सेकंदाला 2-2 किलोमीटरने सरकवत जुळवा; प्रत्येक वर्णपटाची जुळणी एकेका ओळीत, एकाखाली एक मांडा; यालाच क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. शेवटी वर काढलेल्या वेगाइतकी प्रत्येक ओळ मागे सरकवून सगळ्या ओळी बेरजेत घ्या. खूण खरी असेल तर केल्ट-9 च्या स्वतःच्या वेगापाशी, म्हणजे −20 च्या आसपास, शिखर उभं राहतं.

चुका बहुतेक वेगाच्या हिशेबातच होतात. हार्प्स-एनच्या एस1डी फायलींत (अख्खा वर्णपट एका सलग पट्टीत जोडलेल्या) पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती आधीच केलेली असते. पुन्हा केलीत तर शिखर 17 किलोमीटरपर्यंत भरकटू शकतं. या फायलींतली तरंगलांबी हवेतली असते, टेम्प्लेट बहुधा निर्वातातला. दोन्ही एकसारखे केले नाहीत तर सगळं 83 किलोमीटरने सरकतं, आणि तुम्ही खरं शिखर समोर असूनही ओळखत नाही.

दुसरा त्रास आपल्याच हवेचा. सूर्याकडे कधीही न धरता, पावसाळ्यात साताऱ्याच्या क्षितिजालगतच्या आकाशाकडे खिशातला वर्णपटदर्शक धरा. 589 नॅनोमीटरच्या सोडियम रेषांच्या लाल बाजूला पाण्याच्या वाफेच्या काळ्या रेषांचा पट्टा दिसेल; जानेवारीत तोच फिका पडतो. ला पाल्मावरही ही वाफ रात्रभर बदलत राहते. म्हणून हा पट्टा आणि 687 जवळचा प्राणवायूचा पट्टा मोजणीतून सरळ काढून टाका. थोडी माहिती गेली तरी चालेल.

तिसरी अडचण जास्त फसवी. तारा स्वतः वेगाने फिरतो आणि ग्रह त्याच्या तबकडीचा एकेक तुकडा झाकतो. त्यामुळे लोखंडाच्या टेम्प्लेटमध्ये ताऱ्याची सावलीसुद्धा पट्ट्यासारखी उमटते. एकाखाली एक मांडलेल्या ओळींत ती जवळजवळ उभी राहते, ग्रहाची रेघ तिरकी जाते. बेरजेआधी उभा पट्टा वेगळा वक्र बसवून वजा करा.

निकाल आला की तोच हिशेब +240 ऐवजी −240 घेऊन चालवा. तिथेही शिखर दिसलं तर मूळ शिखर खोटं समजा. मग कच्च्या वर्णपटांत माहीत असलेल्या ताकदीचा टेम्प्लेट मिसळून तो परत मिळतो का बघा. शेवटी आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, लोखंडाचा टेम्प्लेट घाला. या ग्रहावर त्याचं शिखर साध्या लोखंडापेक्षा ठळक येतं. उलट आलं तर सावलीच्या दुरुस्तीकडे परत जा.