छापील तक्ता बिघडला? डॉकबुक स्टाइलशीट वापरताना या चुका टाळा

डॉकबुकमध्ये (माहितीपुस्तिकांसाठीची एक्सएमएल टॅगांची भाषा) लिहिलेली माहितीपुस्तिका दोन टप्प्यांत पीडीएफ होते. आधी एक्सएसएल स्टाइलशीट (रूपांतराच्या नियमांची फाइल) तिची एफओ फाइल (पानांच्या मांडणीचं वर्णन) बनवते, मग अपाचे एफओपी हा प्रोग्राम त्या फाइलवरून पानं मांडतो. तक्ता बिघडला की बरेच जण अंदाजाने स्टाइलशीट बदलतात, पुन्हा पीडीएफ काढतात, पुन्हा बदलतात. यात आख्खी संध्याकाळ जाते. त्यापेक्षा मधली एफओ फाइल जपून ठेवा आणि आधी ती वाचा. रेघेची जाडी, रकान्याची रुंदी तिथे बरोबर असेल तर दोष पुढे एफओपीमध्ये आहे. तिथेच चुकली असेल तर स्टाइलशीट उघडा.

पण मूळ स्टाइलशीटला हात लावू नका, पुढची आवृत्ती आली की केलेले बदल गेलेच. आपली वेगळी फाइल करा आणि तीत मूळ फाइल 'इम्पोर्ट' करा, 'इन्क्लूड' नको. इम्पोर्ट केलेल्या नियमांना कमी मान असतो, म्हणून तुमचा नियम वरचढ ठरतो.

इथे एक बारकावा आहे, आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो. अ‍ॅट्रिब्यूट-सेट (गुणधर्मांचे गट) एकमेकांत मिसळतात, टेम्प्लेट (मांडणीचा नियम) मात्र पूर्ण बदललं जातं. चौकटीच्या आतली मोकळी जागा 'टेबल.सेल.पॅडिंग' या सेटमध्ये चारी बाजूंना 2 पॉइंट असते. वर-खाली 4 हवी असेल तर त्याच नावाच्या सेटमध्ये तेवढ्या दोनच ओळी लिहा, बाकीच्या मूळच्या राहतात. ओळीआड रंग द्यायला 'टेबल.रो.प्रॉपर्टीज' हे टेम्प्लेट लिहिताना मात्र मूळचं सगळं उतरवून घ्या. नाहीतर एखाद्या ओळीला दस्तऐवजातून दिलेला खास रंग किंवा उंची गुपचूप बंद पडते.

सगळ्यात जास्त त्रास रुंदीचा. आशयाकडे बघून रकाने आपोआप लहानमोठे करणं एफओपीला जमत नाही. रुंदी दिलीच नाही तर सगळे रकाने सारखे होतात आणि अनुक्रमांकाला वर्णनाइतकी जागा मिळते. 'कोलस्पेक' या रकान्याच्या टॅगमध्ये 1*, 3*, 6* असं प्रमाण द्या. सेंटिमीटरमध्ये मापं दिलीत तर बेरीज करून बघा: ए4 पान 210 मिमी रुंद असतं, त्यातून दोन्ही समास वजा जातात. सुट्या भागांचे लांबलचक क्रमांक शेजारच्या चौकटीत घुसत असतील तर डॅश किंवा टिंबानंतर झीरो विड्थ स्पेस (शून्य रुंदीची, न दिसणारी जागा) घाला, तिथे ओळ तुटू शकते. हिची आणि झीरो विड्थ जॉइनरची गल्लत करू नका. जॉइनर 'दुसर्‍या'मधल्या र् साठी लागतो, त्याने ओळ तुटत नाही.

शीर्षक असलेला तक्ता एकाच पानावर ठेवायचा, असा स्टाइलशीटचा मूळ नियम आहे. तक्ता पानापेक्षा मोठा असला तर आधीच्या पानावर रिकामी जागा राहते आणि शेवटच्या ओळी पानाबाहेर जातात. त्यावर उपाय म्हणून नियमच काढून टाकणं चूक आहे, मग चार ओळींचे तक्तेही मधेच तुटायला लागतात. फक्त त्या मोठ्या तक्त्याच्या आत 'डीबीएफओ कीप-टुगेदर=ऑटो' ही सूचना लिहा. रकान्यांचा मथळा प्रत्येक पानावर हवा तर पहिली ओळ 'टीहेड' या मथळ्याच्या टॅगमध्ये असायला हवी. 'टीबॉडी'मधली, म्हणजे तक्त्याच्या मुख्य भागातली ओळ नुसती ठळक केली तर पुढच्या पानावर ती येत नाही.

'टेबल.बॉर्डर्स.विथ.सीएसएस' हे पॅरामीटर (स्टाइलशीटची सेटिंग) फक्त एचटीएमएलसाठी आहे. छापील रेघा बदलायच्या तर 'टेबल.फ्रेम.बॉर्डर.थिकनेस' आणि 'टेबल.सेल.बॉर्डर.थिकनेस' बदला.

मराठी तक्त्यात अक्षरांऐवजी # दिसला, तर फॉन्टमध्ये ती अक्षरंच नाहीत. देवनागरीचा फॉन्ट एफओपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवा आणि 'बॉडी.फॉन्ट.फॅमिली'तही त्याचं नाव द्या. जोडाक्षरं नीट जुळण्यासाठी एफओपी 1.1 किंवा नंतरचा हवा. ती आवृत्ती 2012 मध्ये आली. फॉन्टचा ठळक प्रकारही वेगळा नोंदवा. तो नसेल तर 700 (ठळक) ऐवजी 400 (साध्या) वजनाचा फॉन्ट घेतल्याचा इशारा कन्सोलवर येतो, पीडीएफ विनातक्रार तयार होते आणि मथळा साध्या अक्षरांत छापला जातो.