सोलापूरहून वाहाकाला: आधी बाजाराचा वार बघा, मग तिकीट काढा

दक्षिण मेक्सिकोला जायचं म्हटलं की लोक अवशेषांची यादी करतात आणि उरलेल्या वेळात बाजार बसवतात. उलटं करा. अवशेष कुठे पळून जात नाहीत, बाजार मात्र वाराचाच भरतो. वाहाका शहरात मुक्काम ठेवायचा आणि बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. मंगळवारी रात्री पोहोचलात तर चारही सापडतात. मधल्या शनिवारी मोंते आल्बानचे डोंगरमाथ्यावरचे अवशेष उरका. ते शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे, पण माथ्यावर सावली नाही, म्हणून सकाळीच जा. तिथल्या सात नंबरच्या थडग्यात 1932 साली सापडलेलं सोनं सांतो दोमिंगोच्या म्युझियममध्ये आहे. ते सोमवारी बंद असतं.

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठाल, पण विमानाआधी एक दिवस हातात ठेवा. पुढे युरोपमार्गे मेक्सिको सिटी आणि तिथल्या तापो स्टँडवरून बसने साडेसहा-सात तास. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तरी तिकिटाआधी दूतावासाचे नियम बघाच. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हे अनेकांना उशिरा कळतं. वीज आपल्यापेक्षा कमी, 127 व्होल्टची आणि पिना चपट्या. मोबाईलचा चार्जर अडॅप्टर लावून चालेल, घरची किटली मात्र पाणी उकळता उकळत नाही.

गावोगावी आपल्या वडापसारख्या शेअर टॅक्सी धावतात. मित्लाची बस धरली तर तुलेचं अवाढव्य झाड, तेओतित्लान या विणकरांच्या गावाचा फाटा आणि त्लाकोलुला एकाच रस्त्यावर लागतात. फाट्यापासून तेओतित्लान चारेक किलोमीटर आत आहे. सुटे पेसो जवळ ठेवा.

सोलापूरकराने तेओतित्लानला अर्धा दिवस तरी द्यावा. घराघरांत लोकरीच्या सतरंज्यांचे पायमाग आहेत. निवडुंगावरचे वाळलेले कोचिनील किडे विणकर तळहातावर चिरडतो, गडद लाल रंग उतरतो. त्यावर लिंबू पिळलं की तो केशरीकडे झुकतो, चुना किंवा सोडा घातला की जांभळा होतो. हे सगळेच दाखवतात, पण दाखवलेला रंग विकायच्या मालात असेलच असं नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासा. रंग सुटला तर रंगाई कच्ची. काठाचा सुटा धागा मागून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. मग सतरंजी मधोमध दुमडा. कडा जुळल्या नाहीत तर ताणा सैल होता, आणि ती जमिनीवर कधीच सपाट बसणार नाही. भाव करा, पण हातमागाला यंत्रमागाचा दर लावू नका. ते आपल्याला तरी सांगायला नको.

शाकाहाऱ्यांची खरी परीक्षा जेवणात. त्लायुदा म्हणजे कडक भाकरीची मक्याची बहीण, पण तिच्यावर आसिएन्तो, म्हणजे डुकराची चरबी, फासतात. राजम्यात आणि तमालच्या (वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांच्या) पिठातही चरबी असते, मोले नावाचा घट्ट मसालेदार रस्सा कोंबडीच्या पाण्यात शिजतो. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चरबी येतेच. 'सिन आसिएन्तो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' (आसिएन्तो नको, चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको) एवढं पाठ करा. केसियो चीज, भाजलेली मक्याची कणसं, फळं आणि तेखाते नावाचं मका-कोकोचं पेय यांवर दिवस निघतो. लाल, कुरकुरीत ढीग दिसला तर शेंगदाणे समजून मूठ भरू नका, ते नाकतोडे असतात.

शेजारचं चियापास राज्यही करायचं असेल तर अडचण रविवारची: तिथल्या सान हुआन चामुला गावाचा बाजारही त्याच दिवशी. म्हणून त्लाकोलुला आटोपून रात्रीच्या बसने चामुलाजवळच्या सान क्रिस्तोबालला जा आणि पुढचा रविवार चामुलाला द्या. सान क्रिस्तोबाल 2,200 मीटर उंचीवर, रात्री स्वेटर लागतोच. चामुलाच्या चर्चमध्ये बाकं नाहीत, फरशीवर पाइनची सुईसारखी पानं अंथरून मेणबत्त्या लावलेल्या असतात. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. मोबाईल खिशातून बाहेरच काढू नका.