पहिलं वजन किती लावायचं? स्पर्धेतल्या सहा प्रयत्नांची आखणी

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्नॅचचे (बार एका दमात डोक्यावर) तीन आणि क्लीन अँड जर्कचे (आधी खांद्यावर, मग डोक्यावर; पुढे नुसतं जर्क) तीन, असे सहाच प्रयत्न मिळतात. बारवरचं वजन एकदा चढलं की खाली येत नाही. म्हणून सगळ्यात जास्त विचार पहिल्या वजनाचा करा. झोप झालेली नाही, वजनगटासाठी शरीराचं वजन उतरवल्यामुळे अंगात त्राण नाही, तरीही निघेल असंच ते हवं. साधारण सर्वोत्तम उचलीच्या ९० ते ९३ टक्के. स्नॅच १०० किलो असेल तर ९२, ९६, १००. जर्क १२५ असेल तर ११६, १२१, १२५. सर्वोत्तम म्हणजे अलीकडच्या काही आठवड्यांत नीट उचललेलं. वर्षापूर्वीचा आकडा धरला आणि स्नॅचचे तिन्ही प्रयत्न हुकले, तर टोटलच, म्हणजे सर्वोत्तम स्नॅच आणि जर्कची बेरीजच, लागत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमात दोन्ही पहिल्या वजनांची बेरीज प्रवेशिकेतल्या टोटलपेक्षा फार तर २० किलोने कमी चालते. २२० लिहिलं असेल तर किमान २०० हवेत. ९२ आणि ११६ मिळून २०८, म्हणजे अडचण नाही.

खरं कसब वॉर्म-अपची वेळ साधण्यात आहे. ९२ साठी रिकाम्या बारनंतर ४०, ५०, ६०, ७०, ७८, ८४, ८८ असं चढा. प्लॅटफॉर्मवर इतरांचे तीन प्रयत्न होतील तेवढ्यात तुमची एक उचल, असा हिशेब ठेवा. ८८ झाल्यावर पुढे तीनच प्रयत्न उरलेले असावेत. तिथून मागे मोजत या. सात वजनं म्हणजे सुमारे २१ प्रयत्न आधी सुरुवात. बारवरचं वजन चढतच जातं, म्हणून कमी वजन मागणारा आधी येतो: मोजताना ८० ने सुरू करणाऱ्याचे बहुधा तिन्ही प्रयत्न तुमच्याआधी होतील, ९० वाल्याचा एक किंवा दोन. ९२ वरच कुणाचा दुसरा प्रयत्न असेल तर तो तुमच्यानंतर येतो, कारण समान वजनावर कमी क्रमांकाचा प्रयत्न आधी.

हा हिशेब दर दोन मिनिटांनी बदलतो. समोरच्यांनी भराभर वजन वाढवलं की तुमची पाळी अचानक पुढे येते. अशा वेळी ८४ गाळून थेट ८८ घ्या. उलट पाळी लांबली आणि पाच मिनिटांहून जास्त बसावं लागलं, तर ७८ ची एक उचल पुन्हा करा. थंड अंगाने बारखाली जाणं हे पहिला प्रयत्न हुकण्याचं नेहमीचं कारण आहे.

उचल यशस्वी झाली की पुढचं वजन आपोआप १ किलोने वाढतं, म्हणून हवा तो आकडा कोचने लगेच कळवावा. नंतर दोनदाच बदल करता येतो, तोही उचलीसाठी लावलेल्या घड्याळात शेवटचे ३० सेकंद उरण्याआधी. एरवी एक मिनिट मिळतं, स्वतःच्याच मागे स्वतः उचलायचं असेल तर दोन. उचल हुकली तर तेच वजन पुन्हा घ्या. दम लागला असेल आणि त्याच वजनावर कुणी थांबलं असेल, तर १ किलो वाढवून त्याला आधी जाऊ द्या. तेवढी विश्रांती मिळते.

स्नॅचनंतर साधारण १० मिनिटांचाच अवकाश असतो. जर्कमध्ये तुम्ही सुरुवातीलाच येणार असाल, तर इतरांचे स्नॅच चालू असतानाच वॉर्म-अप सुरू करा. इथे पाच-सहा उचली पुरतात.

शेवटच्या जर्कसाठी मात्र टक्केवारी बाजूला ठेवून गुणफलक बघा. टोटल सारखी झाली तर ती आधी गाठणारा वर राहतो. प्रतिस्पर्धी २२२ च्या टोटलवर थांबलाय आणि तुमचा स्नॅच ९८ आहे, तर १२४ मागून उपयोग नाही; १२५ च मागा.