घर आणि नोकरी सांभाळून धावायचे कसे

धावायला वेळ मिळत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, आजारी आईवडील आहेत किंवा ज्यांच्या कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यांना ‘मनात असेल तर वेळ निघतो’ असे सुनावणे अन्यायाचे आहे. मात्र सगळी कामे उरकल्यावर जो वेळ उरेल त्यात धावू, असे म्हणणाऱ्याच्या हाती तो वेळ कधीच लागत नाही, कारण घरातल्या उरलेल्या वेळेवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. म्हणून धावण्याचा वेळ घरच्यांशी बोलून आधी ठरवून घ्यावा आणि धावणे इतके आटोपशीर ठेवावे की धकाधकीच्या दिवशीही ते त्या वेळेत बसेल.

त्यासाठी मुळात किती धावणे पुरे आहे, हे माहीत असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. धावणे हा बहुतेकांसाठी जोरकस व्यायामच असल्याने २५ मिनिटांच्या तीन धावांनी खालची मर्यादा गाठली जाते. व्यायाम सलग किमान दहा मिनिटे झाला तरच तो धरावा, ही पूर्वीची अटही त्या मार्गदर्शनात काढून टाकण्यात आली आहे, म्हणजे आठ मिनिटांची धावही हिशेबात धरायला हरकत नाही. जे आधीपासून धावतात आणि आता वेळ कमी पडतो म्हणून हळहळतात, त्यांना १९८० च्या दशकात अमेरिकेत झालेले काही प्रयोग दिलासा देतील. आठवड्याला सहा दिवस कसून व्यायाम करणाऱ्यांचे दिवस पुढे दोनवर आणले, तरी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पंधरा आठवडे टिकून राहिली. व्यायामाचा जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. तेव्हा कामाच्या गर्दीचे दोन-तीन महिने आले तर आठवड्याच्या दोन धावा राखाव्यात, त्यातल्या एकीत थोडा वेग ठेवावा आणि बाकीच्यांची खंत करू नये.

वेळेचा हिशेब मांडताना एक चूक हमखास होते. पंचवीस मिनिटांची धाव प्रत्यक्षात पन्नास मिनिटे खाते, कारण कपडे शोधणे, बूट चढवणे, घाम वाळू देणे आणि अंघोळ यांचा वेळ कोणी धरत नाही. यातली बरीच मिनिटे वाचवता येतात. रात्री झोपण्यापूर्वी धावण्याचे कपडे खुर्चीवर घालण्याच्या क्रमाने ठेवावेत, मोजे बुटात खोचून बूट दाराशी मांडावेत, किल्ली त्याच बुटात टाकावी. सकाळी अर्धवट झोपेत एकही गोष्ट शोधावी लागू नये, हा उद्देश. दूरच्या मैदानापर्यंत जाण्याऐवजी धाव दारापासूनच सुरू करावी आणि पहिली पाच मिनिटे झपझप चालावे, म्हणजे अंग वेगळे गरम करावे लागत नाही. सकाळच्या धावेचा मोठा फायदा असा की त्यानंतरची अंघोळ दिवसाला नाहीतरी करायचीच असते, तर संध्याकाळी धावले की ती दुसऱ्यांदा करावी लागते.

तरीही सकाळ सर्वांना मानवते असे नाही. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी आणि त्यातला तास कापून धावणाऱ्याची उमेद काही आठवड्यांतच मावळते; शिवाय अपुऱ्या झोपेने थकलेले शरीर धावण्याच्या श्रमातून नीट सावरत नाही. पहाटे एक तास लवकर उठायचे असेल तर रात्री एक तास लवकर निजले पाहिजे. तो तास बहुधा फोनच्या पडद्यासमोर गेलेला सापडतो, आणि तिथे सापडला नाही तर पहाटेचा नाद सोडून दिवसातली दुसरी जागा पाहावी. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे धावून मग जेवता येते, फक्त कामाच्या ठिकाणी टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड ठेवावा लागतो. घरी परतताना दोन-तीन किलोमीटर अलीकडे उतरून उरलेले अंतर धावता येते. मुलांचा क्लास किंवा खेळाचा सराव चालू असताना पालक तासभर गाडीत बसून राहतात. तेवढ्या वेळात मैदानाभोवती फेऱ्या होतात आणि मुलांना आपले आईबाबा धावताना दिसतात, हे निराळेच. अंधारात धावायचे झाल्यास उजेडाचा, माहितीचा रस्ता निवडावा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालावे.

घरच्यांशी बोलणे हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. ‘मला जरा धावायला जायचे असते’ असे मोघम सांगून कोणाचीच सोय होत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला दोघांनी समोरासमोर बसून वार, वेळ आणि परतण्याची वेळ ठरवावी: मंगळवार, गुरुवार आणि रविवार सकाळी सहा ते सहा चाळीस माझे, बुधवार आणि शनिवारचा तेवढाच वेळ तुझा, मग त्यात तू धाव, वाच किंवा झोप. समोरच्यालाही त्याच्या वाट्याचा वेळ मिळाला की आपले धावणे घराच्या डोळ्यांवर येत नाही. त्यानंतरचे पथ्य एकच, सहा चाळीस म्हणजे सहा चाळीस. मी सुरुवातीला हेच पाळत नसे; एक फेरी आणखी, असे करत सात वाजवायचो, आणि परतल्यावर मूल रडत असायचे, दूध उतू गेलेले असायचे, घरात कोणी काही बोलायचे नाही. ती शांतता बोलण्यापेक्षा जड होती. मग घड्याळाचा गजर अंतराऐवजी परतीच्या वेळेला लावला, निम्मा वेळ झाला की जिथे असेन तिथून मागे वळू लागलो, आणि महिनाभरात ‘आज जात नाहीस का?’ हा प्रश्न घरातूनच येऊ लागला.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. बाईचा वेळ हा घराचाच वेळ, असे पुष्कळ घरांत न बोलता धरून चाललेले असते, आणि त्यामुळे तिला स्वतःसाठी चाळीस मिनिटे मागताना अपराध्यासारखे वाटते. त्या घरातल्या पुरुषाने तिच्या मागण्याची वाट न पाहता ती वेळ आपणहून ठरवून द्यावी, आणि त्या वेळात डबा, मुलांची तयारी, दार, फोन हे सारे तिला न विचारता निभवावे. ‘हे कुठे ठेवले आहे?’ असा फोन तिला धावताना आला, तर तो वेळ तिला मिळालाच नाही असे समजावे.

वेळ पक्की झाली की उमेदीचा प्रश्न निम्मा सुटतो, कारण दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिले की नुसत्या ‘मी व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असा नेमका संकल्प अधिक वेळा तडीस जातो. तो संकल्पही एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडावा, जसे की ‘दात घासून झाले की बूट घालीन’. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसले. एक धाव हुकली म्हणून आठवडाच सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मन अगदीच तयार नसेल त्या दिवशी फक्त दहा मिनिटांचा करार करावा: बूट घालायचे, पाच मिनिटे जायचे आणि नकोसे वाटले तर वळून परत यायचे. पहिल्या दोन-तीन मिनिटांत पाय जड वाटतात, कारण स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते आणि हृदय-फुप्फुसांना ती पुरवायला थोडा अवधी लागतो. तो अवधी सरला की शरीर लयीत येते, आणि मग परत फिरावेसे क्वचितच वाटते. नवख्यांची उमेद बहुतेक वेळा वेगामुळे खचते. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. वाक्य तुटू लागले की चालावे, आणि धाप ओसरली की पुन्हा धावावे. छातीत दुखणे, चक्कर, हृदयविकार किंवा दीर्घकाळची बैठी सवय असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

नोकरी सांभाळून धावण्याची गोष्ट निघाली की मला जपानचे युकी कावाउची आठवतात. एका शासकीय शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ काम करत असतानाच त्यांनी २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन थंड पावसात आणि वाऱ्यात २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकली. त्यांच्या तोडीचे धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात. कामाच्या दिवशी त्यांना तो एकदाच करता येई. त्यांची अंतरे आपल्याला झेपणारी नाहीत, पण हाती असलेल्या एकाच खेपेवर त्यांनी कुरकुर न करता सगळी भिस्त ठेवली, हे घेण्यासारखे आहे.

खंड तर पडणारच: मुलांच्या परीक्षा, कोणाचे इस्पितळ, वर्षअखेरीचे काम. अशा काळात वहीत तारखेपुढे ‘०’ लिहावा आणि बाजूला कारण लिहून ठेवावे, म्हणजे पुढे वही चाळताना तो आळस होता असे मन स्वतःला सांगत नाही. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल, तर परतताना पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच-सहा मिनिटे वाढवीत न्यावीत. पहिल्या दिवशी घड्याळ घरीच ठेवले तरी चालेल, मात्र परतण्याची वेळ सांगून निघावे.