मालकामागे उरलेली जुनी यंत्रं: या चुका टाळा

माणूस गेला की काही दिवसांत कोणीतरी म्हणतंच, "आता शेड मोकळी करूया." मग आधी हलतात ते डबे आणि पेट्या. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. डब्यातली ती दातेरी चाकं लेथचे, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचे, चेंज गिअर असू शकतात. ती गेली की त्या लेथवर हवे ते आटे पाडता येत नाहीत. चक म्हणजे लेथवर जॉब (कातायचा तुकडा) धरणारा भाग; त्याच्या जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. ते त्याच चकला जुळवलेले असतात, दुसऱ्याचे बसवले तर जॉब मधोमध धरला जात नाही. असं सामान भंगारात गेलं की चांगला लेथही लोखंडाच्या वजनावर विकला जातो. म्हणून पहिले काही आठवडे शेडमधून खिळाही बाहेर जाऊ देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे वह्या आणि माणसं विसरणं. १९३८ ते १९५७ या काळात बनलेला कॅटरपिलर डी-२ हा साखळीपट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर घ्या. त्याचं डिझेल इंजिन सुरू करायला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं. आधी ते चालू करायचं, त्याच्या जोरावर मोठं इंजिन कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) सोडून फिरवायचं, ऊब आली की कॉम्प्रेशन द्यायचं, मग डिझेल. हा क्रम हातात बसलेला असतो. मालकाबरोबर काम केलेला मदतनीस असेल तर त्याला यंत्रापाशी नेऊन बोलतं करा, रेकॉर्ड करून ठेवा. भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांचेही फोटो घ्या.

"चालतंय का बघू" म्हणून थेट स्टार्टर मारू नका. वर्षानुवर्षं बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल दुधाळ दिसलं तर तिथेच थांबा. तसं नसेल तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. जुन्या डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) उघडा अडकला असेल तर इंजिन बेफाम पळतं, चावी बंद करूनही थांबत नाही. हवेची वाट बंद करायला जाड फळी हाताशी हवीच.

लोडरसारख्या यंत्राच्या वर राहिलेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये. तिला तोलून धरणारा तेलाचा जुना होज (नळी) कधीही फुटू शकतो.

लेथ हलवताना हेडस्टॉककडची (चक बसतो त्या टोकाची) बाजू जड असते, तो चटकन कलंडतो. स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) किंवा लीडस्क्रूला (आटे पाडायच्या लांब स्क्रूला) पट्टा बांधून उचलू नका.

आणि विकण्याआधी रंग मारू नका. जाणकार आधी यंत्रावरचा नंबर शोधतो, आणि रंगाखाली तो बुजतो.