वजन कमी करायची साधनं घेतलीत? आता या चुका टाळा

सकाळी काट्यावर उभं राहिलं आणि कालच्यापेक्षा दीड किलो जास्त दिसलं. काल तर जेवण बेतानं झालं होतं, चालणंही झालं होतं. अशाच एका सकाळी मी महिनाभर पाळलेला नेम सोडून दिला होता. चार दिवसांनी खोली झाडताना लक्षात आलं, की काट्याचा एक पाय गालिच्याच्या कडेवर चढलेला आहे. काटा फरशीवर सरकवून पुन्हा उभा राहिलो तर आकडा वेगळाच आला. ते चार दिवस मला अजून सलतात, म्हणून हे लिहितोय. साधन बहुधा ठीकच असतं. ते नेमकं काय मोजतं हे समजून न घेता आपण आकडा वाचतो आणि उमेद घालवून बसतो.

वजनकाटा: रोजच्या आकड्यावर निकाल लावणं

डिजिटल काट्याच्या चारही पायांत भार मोजणारे सेन्सर असतात. त्यामुळे काटा टणक, सपाट जमिनीवरच हवा. गालिचा, पायपुसणं, दोन फरश्यांमधली उंचसखल सांध, यातलं काहीही खाली आलं की आकड्यावर भरवसा राहत नाही. जागा बदलली की बऱ्याच काट्यांना एकदा पायानं दाबून शून्यावर येऊ द्यावं लागतं. आकडा सारखा बदलत असेल तर आधी बॅटरी बदलून बघा.

काटा नीट असला तरी वजन दिवसागणिक एक-दोन किलोंनी हलतंच. आदल्या दिवशी खारट जास्त खाल्लं, नवा व्यायाम सुरू केला, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की शरीरात पाणी किंवा पोटात ऐवज जास्त राहतो. चरबीचा हिशोब वेगळा आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. रात्रीत दीड किलो चरबी साठायला गरजेपेक्षा ११,००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. तुम्ही तेवढं खाल्लेलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक असतं.

पहिल्या आठवड्यातल्या झपाट्याच्या घटीनंही अशीच फसगत होते. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्याच्यासोबतचं पाणी जातं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो आणि माणूस म्हणतो, 'आता काही उपयोग होत नाही.' खरी चरबी तर तेव्हाच उतरत असते.

उपाय सोपा आहे. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा, लिहून ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा. तुलना फक्त सरासरीशी सरासरीची. पाळी येत असेल तर मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून पाहा. आणि आकडा बघून दिवसभर मन खात असेल, जेवण टाळावंसं वाटत असेल, तर काटा कपाटात ठेवून द्या आणि डॉक्टरांशी बोला. त्या अवस्थेत काट्याचा उपयोग नाही, अपायच आहे.

बॉडी फॅटचा टक्का खरा धरणं

काही काटे वजनासोबत बॉडी फॅट, म्हणजे शरीरातल्या चरबीचा टक्काही दाखवतात. हे काटे तळपायातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतात. पाण्यातून तो सहज जातो, चरबी त्याला अडवते आणि त्यावरून टक्का काढला जातो. म्हणजे तो थेट मोजलेला नसतो, अंदाज असतो. घाम गाळून आल्यावर किंवा भरपूर पाणी पिऊन उभं राहिलं तर तो बदलतो. एकाच वेळी, एकाच स्थितीत मोजून महिन्या-दोन महिन्यांचा कल बघायला ठीक आहे. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र हे काटे वापरू नयेत.

त्यापेक्षा साधा इंच टेप मला जास्त विश्वासाचा वाटतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप जमिनीला समांतर धरून, श्वास सोडल्यावर माप घ्या. पोट आत ओढायचं नाही. वजन अडलेलं असताना कमर एक सेंटिमीटर उतरलेली दिसते, तेव्हा जो हुरूप येतो तो कुठल्याच अॅपनं मला दिलेला नाही.

घड्याळ सांगतं तेवढ्या कॅलरी 'परत' खाणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी चांगले मोजले, चूक पाच टक्क्यांच्या आत. जळालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. घड्याळ ४०० म्हणालं म्हणून ४०० चं जादा खाल्लं, तर कमी खाऊन साधलेल्या कॅलरींच्या तुटीतला मोठा भाग तिथेच भरून निघू शकतो. घड्याळात ठोके बघा, पावलं बघा. कॅलरीचा रकाना पडद्यावरून काढता येत असेल तर काढूनच टाका.

पावलांबद्दलही एक गैरसमज आहे. १०,००० हा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विक्रीला आलेल्या 'मानपो-केई' या पाऊलमोजणी यंत्रामुळे रूढ झाला. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं यंत्र'. वयस्क स्त्रियांच्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात साधारण ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तुमची आजची सरासरी ३,००० असेल तर पुढचं लक्ष्य ४,००० ठेवा. १०,००० ठेवलंत तर रोज रात्री हरल्यासारखंच वाटेल.

स्वयंपाकघरातला काटा: तेल सोडून सगळं मोजणं

लोक भाज्या तोलतात आणि तेल बाटलीतून थेट ओततात. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. हात जरा सैल सुटला की २० ग्रॅम जास्त पडतं, म्हणजे १८० कॅलरी, आणि ताटात ते दिसतही नाही. मी बाटलीच काट्यावर ठेवतो, शून्य करतो, तेल ओतून बाटली पुन्हा ठेवतो. पडद्यावर -१२ आलं की १२ ग्रॅम वापरलं. भांडीही खराब होत नाहीत.

दुसरा घोळ कच्च्या-शिजलेल्याचा. तांदूळ शिजताना पाणी शोषून वजनानं अडीच-तीन पट होतो. शिजलेला भात तोलून अॅपमध्ये कच्च्या तांदळाची नोंद केली तर हिशोब पार बिघडतो. एक पद्धत ठरवा आणि तीच पाळा.

व्यायामाची उपकरणं

घाम काढणारे कमरपट्टे घेऊ नका. त्यानं पाणी जातं आणि दोन पेले पाणी प्यायलं की परत येतं. पोटाला पट्टा बांधून पोटाचीच चरबी उतरत नाही. ट्रेडमिलवर दांड्याला रेलून चालू नका. शरीराचा भार हातांवर जातो, मेहनत घटते, पण यंत्र त्याच वेगाचा हिशोब दाखवत राहतं. रबरी बँड उन्हात ठेवू नका आणि ताणण्याआधी त्यावर बारीक चिरा नाहीत ना, हे बघा.

आणि जागा. माझे बँड वर्षभर पलंगाखालच्या खोक्यात होते. ते दाराच्या मूठीला अडकवले, तेव्हापासून वापरात आले. येता-जाता हात लागतो, मग दहा वेळा ओढणं होतंच. अॅपमधली सलग दिवसांची साखळी तुटली की नोंद सोडून देणारे खूप जण मी पाहिलेत. म्हणून मी साखळी बघत नाही, महिन्यात किती दिवस झाले ते मोजतो. मागच्या महिन्यात १७ झाले. त्याआधी १४ होते.