पीसीआर आणि जेलच्या प्रॅक्टिकलला या चुका टाळा

ॲगारोज अजून वितळलेलंही नसतं आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, बँड कधी दिसणार?" (पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. त्या ॲगारोजच्या जेलमधून विजेने पळवल्या की जी पट्टी दिसते तो बँड.) एमएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर देत नाही, फक्त पिपेट हातात देते. निम्म्या बॅचेसचा बँड तिथेच हरवलेला असतो.

मायक्रोपिपेटच्या बटणाला दोन थांबे असतात. द्रव घेताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, टिप बुडवायची, अंगठा सावकाश सोडायचा. दुसरा थांबा फक्त शेवटचा थेंब बाहेर काढायला. नवखा मुलगा घेतानाच बटण तळापर्यंत दाबतो, मग वीसच्या जागी पंचवीस मायक्रोलिटर येतात आणि दिवसभर सगळ्या रिॲक्शन चुकीच्या होतात. माझ्या प्रॅक्टिकलचा पहिला तास म्हणून डीएनएचा नसतोच. तराजूवर रिकामी ट्यूब ठेवायची, 100 मायक्रोलिटर पाणी टाकायचं, आकडा 0.1 ग्रॅम यायला हवा. असं दहा वेळा. मुलं कंटाळतात, कंटाळू देत. ज्याचे दहा आकडे एकमेकांजवळ येत नाहीत त्याच्या हाती मी एन्झाइम देत नाही.

एन्झाइमची गोष्ट तर वेगळीच. ते 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, मधासारखं चिकट. टिप खोल बुडवली की बाहेरून चिकटलेलं एन्झाइमच हिशोबाबाहेर जातं. टिपचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवा, अंगठा हळू सोडा आणि क्षणभर थांबा. एका ट्यूबसाठी 0.2 मायक्रोलिटर टॅक (प्रती काढणारं एन्झाइम) मोजायच्या भानगडीत पडूच नका, तेवढं कुणाच्याच हाताला नीट जमत नाही. दहा रिॲक्शन असतील तर अकरांचं मास्टर मिक्स, म्हणजे एकत्र मिश्रण, करा आणि ते वाटा. टिपमध्ये द्रव असताना पिपेट टेबलावर आडवी ठेवणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: निगेटिव्ह कंट्रोल न लावणं. आणि त्याहून वाईट म्हणजे लावणं आणि नंतर लपवणं.

एका वर्षी चौघांच्या एका गटाचा प्रोजेक्ट होता, मातीतल्या बॅक्टेरियांची ओळख पटवणारा 16एस जीन वाढवून सीक्वेन्सिंगला (अक्षरक्रम वाचायला) पाठवायचा. जेलचा फोटो घेऊन आले, चेहरे दिवाळीसारखे. पाच वेल (नमुने भरायच्या जेलमधल्या खाचा), पाच झकास बँड, लॅडरच्या (मापासाठी लावलेल्या डीएनएच्या) 1500 च्या रेषेला बरोबर टेकलेले. मी विचारलं, "कंट्रोल कुठाय?" शांतता. मग एक जण म्हणाला, "मॅडम, त्यातही बँड आला होता, म्हणून फोटोत नाही घेतला." फोटो खरंच कडेने कापलेला होता, सहावी वेल अर्धी दिसत होती.

कंट्रोलमध्ये टेम्प्लेट नसतं, सगळं तेच, फक्त डीएनएच्या जागी पाणी. तिथेही बँड आला तर बाकीचे पाच बँडही तुमच्या बॅक्टेरियाचे आहेत की कुणा आगंतुकाचे, हे कुणीच सांगू शकत नाही. पीसीआरमध्ये दर सायकलला प्रती दुप्पट होतात. हिशोबाने 30 सायकलनंतर एका रेणूच्या 107 कोटींवर प्रती. प्रत्यक्षात इतक्या होत नाहीत, पण एक नको असलेला रेणू पुरतो एवढं त्यावरून कळतं. तेच नमुने सीक्वेन्सिंगला गेले असते तर पाचांचं एकच उत्तर आलं असतं, नाहीतर वाचताच न येणारी खिचडी, आणि पैसे गेले ते गेलेच.

मग दोन आठवडे शोध घेतला. रोज एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच. आज नवा प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा). बँड आहेच. उद्या नवं बफर. आहेच. टॅक बदललं, आहेच. शेवटी पाणी बदललं आणि कंट्रोलची वेल काळीभोर झाली, बँड गायब. सगळा वर्ग 50 मिलीच्या एकाच ट्यूबमधून डिस्टिल्ड वॉटर घेत होता आणि कुणीतरी बॅक्टेरियाची कॉलनी मिसळलेली टिप न बदलता त्यात बुडवली होती. मुलांना वाटलं दोन आठवडे वाया गेले. मला विचाराल तर त्या वर्षी ती चौघं काही शिकली असतील तर ते त्या दोन आठवड्यांत.

तेव्हापासून माझ्याकडे पाणी एक-एक मिलीच्या ट्यूबमध्ये भरून ठेवलेलं असतं. एका बैठकीला एक ट्यूब, उरलेलं बेसिनमध्ये. टेम्प्लेट सर्वांत शेवटी आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पीसीआर झालेली ट्यूब रिॲक्शन लावायच्या टेबलावर उघडायची नाही, काहीही झालं तरी. 16एस करणाऱ्यांना आणखी एक सांगते, सायकल वाढवत सुटू नका. टॅक बहुधा ई. कोलाय या बॅक्टेरियात तयार केलेलं असतं, त्या डीएनएचा अंशही मग फिकट बँड होऊन समोर उभा राहतो.

दुसरं दुखणं हातमोज्यांचं. हातमोजे घातले की मुलांना चिलखत चढवल्यासारखं वाटतं. त्याच हाताने जेल उचलायचं, त्याच हाताने फ्रीज, दार, चष्मा आणि अर्थात मोबाइल. जेलमधलं इथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य डीएनएच्या पायऱ्यांच्या मध्ये शिरून बसतं, म्हणून तर यूव्हीखाली बँड नारिंगी चमकतात, आणि म्हणूनच ते उत्परिवर्तन घडवणारं समजून हाताळायचं. एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर मी दिवे मालवले, हातातला यूव्ही दिवा लावला आणि मुलांना मागे उभं करून खोलीभर फिरले. फ्रीजच्या मुठीवर नारिंगी डाग. मायक्रोवेव्हच्या बटणावर. रजिस्टरला दोरीने बांधलेल्या पेनवर. आणि एका मोबाइलच्या कव्हरवर अंगठ्याचा स्पष्ट ठसा. तो फोन ज्या मुलीचा होता तिने जेवणाच्या सुट्टीत त्यावर घरी फोन केला होता. नंतर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून फोन बॅगेत.

माझी सवय साधी आहे. इथिडियमच्या टेबलावरून काही न्यायचं असेल तर एकाच हाताला हातमोजा, दार उघडायला दुसरा उघडा हात. आणि मोजा कुठल्या रसायनासाठी घातलाय हेही बघायचं. डीएनए वेगळं करायच्या फिनॉल-क्लोरोफॉर्मच्या प्रॅक्टिकलला नायट्रिलचे मोजे घालून निवांत बसणारे पाहिले की काळजाचा ठोका चुकतो. क्लोरोफॉर्म त्यातून काही मिनिटांतच पार होतं. सांडलं की लगेच काढून फेकायचे, हात धुवायचे, नवे घालायचे. फिनॉल तर त्वचा आधी बधिर करतं, भाजलंय हे उशिरा कळतं. केमिस्ट्रीवाल्यांना कॅरन वेटरहान हे नाव माहीत असतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या या प्राध्यापक. ऑगस्ट 1996 मध्ये त्यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले आणि जून 1997 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्या गेल्या. त्यांनी त्या काळच्या नियमाप्रमाणे मोजे घातलेले होते.

यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटरवर (खालून यूव्ही प्रकाश टाकणाऱ्या पेटीवर) बँड कापताना फेस शील्ड लागते, नुसता चष्मा चालत नाही. शील्ड घालूनही एकाच्या मनगटावर दुसऱ्या दिवशी बांगडीसारखा लाल पट्टा उठला होता. ॲप्रनची बाही आणि मोजा यांच्यामध्ये तेवढीच दोन बोटं जागा उघडी होती.

बाकीचं भराभर. जेलमध्ये डीएनए काळ्या (ऋण) टोकाकडून लाल (धन) टोकाकडे पळतं, वेल काळ्या टोकाला ठेवा. फॉस्फेटमुळे डीएनएवर ऋण भार असतो, तो तुमच्या घाईसाठी उलटा जाणार नाही. पॉवर पॅक लावल्यावर तारेवरून बारीक बुडबुडे उठतात का ते बघा. उठत नसतील तर वायर सैल आहे किंवा टाकीत बफरऐवजी पाणी ओतलंय. टीएई (जेलचं बफर) 10एक्स, म्हणजे दहापट तीव्र, असेल तर 1एक्स करूनच घ्या, तसंच ओतलं तर जेल तापून मऊ पडतं. ॲगारोजच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, आणि शांत दिसणारी बाटली हलवली की उसळते, तेव्हा तोंडापासून लांब धरा. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर समान वजन, अंदाजाने नाही. डीएनए शुद्ध करायच्या कॉलम किटच्या बफरमध्ये ग्वानिडिन असतं, त्या कचऱ्यात ब्लीच ओतलंत तर विषारी वायू निघतो. इथिडियमही ब्लीचने "साफ" करायला जाऊ नका.

आणि ट्यूबवर नुसतं 1, 2, 3 लिहू नका. चार गटांचे मिळून फ्रीजरमध्ये चार "1" होतात आणि मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने जाते. झाकणावर आणि बाजूला, दोन्हीकडे नाव, तारीख, आत काय आहे ते. आमच्या उणे वीसच्या फ्रीजरच्या खालच्या खणात एका ट्यूबवर फक्त "नवीन" लिहिलंय. कुठल्या बॅचची आहे कुणाला ठाऊक नाही, आणि फेकायला अजून कुणी धजावलेलं नाही.